आठ मात्रांचा फोन नंबर

'संगीत आणि बालविकास' या विषयावर लिहा, असं आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, आणि सोबत एक फोटो पाठवा असंही सांगितलं. फोटो पाठवला आहे. बालविकासाबद्दल मला फारसं माहीत नाही. मी एकोणीस वर्षं बहरीनमधल्या एका नर्सरीत तीन ते पाच वर्षांच्या मुलांपुढे गायले, गेल्या जूनमध्ये थांबले, आणि एवढ्या काळात त्यातलं एकही मूल गवई झाल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही. तो माझा धंदाच नव्हता.

धंदा असा होता. चार वर्षांच्या मुलाला 'हात धू' म्हटलं की ते नळ सोडतं, दोन बोटं ओली करतं आणि पँटला पुसतं. त्याच्याशी वाद घालून उपयोग नसतो. त्याऐवजी हात धुण्याचं गाणं सुरू करायचं. पहिल्या ओळीला तळवे, दुसरीला बोटांच्या फटी, तिसरीला अंगठे, चौथीला पाणी. मधेच पळून जा म्हटलं तरी मूल पळत नाही, कारण ओळ अर्धवट सोडणं त्यालाच सोसत नाही. बूट घालण्याचं, रांगेत उभं राहण्याचं, खेळणी आवरण्याचं, शिंक आली तर कोपर वर करण्याचं, अशी माझ्याकडे चौतीस गाणी होती. सगळी मीच रचलेली, त्यामुळे त्यांत काव्य वगैरे काही नव्हतं.

मी वसईची. वडील आमच्या चर्चच्या भजनी मंडळात तबला वाजवायचे आणि मी पेटी. लग्नानंतर जोसेफच्या, म्हणजे नवऱ्याच्या, व्हिसावर इथे आले. तो इथल्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढतो, म्हणजे माणसांना 'हलू नका' म्हणतो. मी दिवसभर मुलांना हलवायचे. आमचं बरं चाललं.

पालक नाना तऱ्हेचे भेटले. पुण्याचे एक इंजिनियर वही घेऊन आले होते. गणितासाठी कुठला राग चांगला, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आधी त्याला नाक पुसायला शिकवते. त्याला भूप चालेल." त्यांनी ते लिहून घेतलं. दुसरे एक बँकेतले गृहस्थ चिडून प्रिन्सिपलकडे गेले. त्यांच्या घरी पाहुणे जेवत असताना त्यांनी सहज शीळ घातली, ती नेमकी माझ्या आवराआवरीच्या गाण्याची होती. चिरंजीव उठले आणि त्यांनी पाहुण्यांची अर्धी जेवलेली ताटं उचलून खेळण्यांच्या टोपलीत टाकली. मी त्यांना एवढंच म्हटलं, की घरी शीळ घालू नका. गाणं कोण म्हणतंय हे मूल बघत नाही. गाणं आलं की ते काम करतं. ही गोष्ट मला एवढी नीट ठाऊक होती, म्हणूनच पुढचं सांगायला लाज वाटते.

माझं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे फोन नंबर. मूल हरवलं तर त्याला आईचा नंबर सांगता आला पाहिजे. बहरीनचा मोबाईल नंबर आठ आकडी असतो आणि केरवा तालाच्या मात्राही आठ. हे आमच्या वडिलांना कळलं असतं तर त्यांनी त्यात परमेश्वराचा हात पाहिला असता. एका मात्रेला एक आकडा, पहिले चार आकडे चढताना, पुढचे चार उतरताना. आकडे इंग्रजीतच घ्यायचे, कारण आपल्या मुलांना मराठी समजतं पण उत्तर इंग्रजीतून येतं. झिरोला 'ओ' म्हणता येतं, 'सेव्हन' तेवढा एका मात्रेत कोंबावा लागतो. ज्या आईच्या नंबरात तीन सेव्हन असतील ती आई मला आवडत नसे. भारतातला दहा आकडी नंबर केरव्यात बसत नाही, त्यामुळे आजीआजोबांचे नंबर शिकवायला मी स्वच्छ नकार द्यायचे.

पहिल्या वर्षी मी सगळ्या वर्गाला एकच चाल दिली होती. दोन आठवड्यांत मुलांनी आया वाटून घेतल्या. एक मंगळूरची मुलगी बेधडक एका मल्याळी आईचा नंबर म्हणायची. तो तिला जास्त गोड वाटायचा. तेव्हा मी कानाला खडा लावला. एक चाल, एक नंबर. वर्गात बावीस मुलं असतील तर बावीस चाली.

रेवा माझ्याकडे आली ती तीन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात, चार वर्षांची. आई केतकी पुण्याची, अकाउंटंट. वडील कामासाठी महिन्यातले पंधरा दिवस सौदीत. रेवा पहिले दोन महिने वर्गात बोललीच नाही. रडायची नाही, हट्ट नाही, नुसती बघत बसायची. केतकीचा जीव टांगणीला लागला होता. नोव्हेंबरात एकदा रेवा माझ्यापाशी आली आणि हात धुण्याच्या गाण्याची पाण्याची ओळ अगदी सुरात म्हणाली. तिला तहान लागली होती. त्यानंतर भूक लागली की डब्याचं गाणं आणि घरी जायचं असलं की बुटांचं, असं तिचं सुरू झालं. बोलणं हळूहळू आलं, पण ते गाण्याच्या मागून आलं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तिच्या आईचा नंबर तर ती झोपेतही म्हणायची, असं केतकी सांगायची.

मार्चमध्ये केतकीने नोकरी बदलली. जुना नंबर कंपनीचा होता, सिमकार्ड परत द्यावं लागलं. नवा नंबर तिने डायरीत लिहून पाठवला. त्या आठवड्यात आमचं गॅदरिंग होतं आणि माझ्याकडे नऊ मेंढ्या होत्या. त्यातल्या तीन स्टेजवर येईनात आणि एक उतरेना. नवी चाल बांधायला मला दहा मिनिटं लागली असती. ती दहा मिनिटं मी मेंढ्यांना दिली. रेवाला तिची जुनी चाल आवडते, ती कशाला बदलायची, असं स्वतःला सांगून मी नवे आकडे जुन्याच चालीत बसवले. तिने माझ्यापुढे दोनदा अचूक म्हणून दाखवले. मी वहीत तिच्या नावापुढे बरोबरची खूण केली.

मेमधल्या एका शुक्रवारी आम्ही चर्चमधून येऊन नुकतेच जेवलो होतो. इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारी, म्हणून आठवड्याची मिसा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, शुक्रवारी असते. दोनच्या सुमारास केतकीचा फोन आला. पहिल्यांदा मला तिचा आवाज ओळखू आला नाही. ती रेवाला घेऊन जिदहफ्सच्या बाजारात गेली होती. भाजीवाल्यापाशी पिशवी भरून वळून बघते तो रेवा नाही. मांजराची तीन पिल्लं होती, त्यांच्यामागे गेली असावी, असं कुणीतरी म्हणालं होतं. पाऊण तास झाला होता. पोलिसांना कळवून झालं होतं, ते गल्लीगल्लीत बघत होते. नवरा सौदीत. ऊन असं की उभं राहवत नव्हतं.

"टीचर, तिला माझा नंबर पाठ आहे ना? नक्की पाठ आहे ना?" ती विचारत होती. "मग मला कुणीच फोन कसा करत नाही?"

"पाठ आहे," मी म्हटलं. "जुना नंबर लावून बघितला का?"

"बघितला. बंद लागतोय."

मी येते म्हणून फोन ठेवला आणि खुर्चीत बसले. जोसेफ गाडीची किल्ली घेऊन दारात उभा होता. "चल ना," तो म्हणाला. मी त्याला हाताने थांबवलं, कारण मी मनात रेवाची चाल म्हणत होते. चढताना जुने चार आकडे आले. उतरताना नवे चार आले. मी इतकी वर्षं मुरलेली बाई, शांत खोलीत, पोटभर जेवून बसलेली, आणि माझ्याच डोक्यात ते असे आले. चाल एकच असली की आकड्यांना आपलं घर कुठलं ते कळत नाही. रेवा घाबरलेली होती. तिच्याकडून हेच झालं असणार. ती गातच असणार, नक्की गात असणार. पण तो नंबर कुठल्याच आईचा नव्हता. दोष द्यायला आसपास दुसरं कुणी नव्हतं.

मिसेच्या पत्रकाच्या मागे मी दोन्ही नंबर एकाखाली एक लिहिले. भेसळ दोनच प्रकारे होऊ शकत होती. जुने चार वर आणि नवे खाली, किंवा नवे वर आणि जुने खाली. पहिला लावला. हा नंबर अस्तित्वात नाही, असं बाई अरबीतून म्हणाली आणि मग इंग्रजीतून. दुसरा लावला. बराच वेळ वाजला.

"हॅलो," मी म्हटलं, "एक छोटी लडकी..."

"फिर लडकी? खलास!" पलीकडे एक वयस्कर बहरीनी गृहस्थ होते आणि त्यांची झोपमोड झालेली होती. "मैं तीन बार बोला. इधर मफी लडकी. इधर मफी ममा." मफी म्हणजे नाही.

मी विचारलं, "आपको किसने फोन किया था?"

"मेरे को क्या मालूम? कोई औरत है. बोलता है, तुम्हारा लडकी मेरा घर में है. मेरा लडकी पैंतालीस साल का है. रिफा में रहता है."

"बाबा, वो लडकी खो गई है. उसकी माँ रास्ते में रो रही है. जिसने आपको फोन किया, उसका नंबर आपके मोबाईल में होगा. वो मुझे दो."

पलीकडे चष्मा शोधल्याचा आवाज आला. मग त्यांनी एकेक आकडा मोठ्याने आणि सावकाश वाचला, मध्ये चुकले म्हणून पुन्हा पहिल्यापासून वाचला. "यल्ला," ते म्हणाले, "जल्दी करो."

त्या नंबरावर एक तरुण बाई बोलली, इंग्रजीतून. हो, मुलगी आमच्याकडे आहे. बाजाराच्या मागच्या तिसऱ्या गल्लीत आमचं घर. दारात उन्हात उभी दिसली म्हणून सासूबाईंनी आत घेतलं. सारखी एक नंबर गाते, आम्ही तो तीनदा लावला, पण तो माणूस ओरडतो. माझे यजमान जेवून उठले की तिला पोलिसांकडे पोचवणारच होतो. भल्या बायका. त्यांनी मुलीला उन्हातून आत घेतलं, म्हणूनच ती रस्त्यावर कुणाला दिसत नव्हती. मी केतकीला फोन करून घर सांगितलं. तिकडून नुसते धावत्या पावलांचे आवाज आले.

आम्ही पोचलो तेव्हा केतकी त्या घरातल्या गालिच्यावर रेवाला मांडीत घेऊन बसली होती. सासूबाई पंख्याची दिशा सारखी बदलत होत्या. रेवाच्या हातात ताकाचा ग्लास होता. ती रडत नव्हती. मला पाहून तिने ग्लास खाली ठेवला.

"टीचर, आय सँग इट राइट," ती म्हणाली. "आय सँग इट मेनी टाइम्स."

"हो बाळा."

"देन व्हाय मम्मा डिडन्ट कम?"

या प्रश्नाला सोपी उत्तरं बरीच होती. फोन खराब होता, असं सांगता आलं असतं. केतकी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "कारण टीचरने तुला चुकीचं शिकवलं. तू बरोबर गायलीस. चूक माझी होती." मग केतकीला मेंढ्यांपासून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "टीचर, आत्ता मला काही सांगू नका, प्लीज." ते तिचं बरोबरच होतं.

परतताना गाडीत माझा फोन वाजला. मघाचेच गृहस्थ. ते बुसैतीनला राहतात असं त्यांनी आपणहून सांगितलं. "लडकी मिला?"

"मिला, बाबा."

"अल्हम्दुलिल्लाह. अभी मैं सोएगा."

गोष्ट इथे संपली असती तर मी ती चारचौघांत हसत हसत सांगितली असती. रविवारी रेवा शाळेत आली आणि गायली नाही. हात धुण्याच्या गाण्याला ती बेसिनपाशी हात खाली सोडून उभी राहिली. आवरायच्या गाण्याला बसून राहिली. डब्याच्या वेळी मी मुद्दाम तिच्या शेजारी बसून तिची आवडती ओळ म्हटली, तर तिने मान दुसरीकडे वळवली. ती रागावली असती तर मला चाललं असतं. रागावलेल्या मुलाची समजूत काढता येते. तिने गाण्याचं ऐकणंच सोडलं होतं. आणि जसं बोलणं गाण्याच्या मागून आलं होतं, तसं ते गाण्याच्या मागून निघालंही. बुधवारपर्यंत ती पुन्हा नुसती बघत बसायला लागली. केतकी न्यायला आली की डोळ्यांनीच विचारायची आणि मी नकाराची मान हलवायचे. त्या आठवड्यात मी प्रिन्सिपलना म्हटलं की मला आता जमत नाही, दुसरी कुणी बघा. त्या म्हणाल्या, जूनमध्ये बोलू.

गुरुवारी घरी मी नवी चाल बांधली. केरवा ठेवलाच नाही. आठ आकड्यांच्या चार जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीनंतर एक टाळी, जुन्या चालीचा वासही लागणार नाही अशी. दहा मिनिटंच लागली. रविवारी सकाळी रेवाला शेजारी घेऊन ती गायले. तिने ऐकून घेतली. मग पहिल्यांदा तोंड उघडलं.

"कॉल," ती म्हणाली.

मला आधी समजलं नाही. तिने माझ्या पर्सकडे बोट दाखवलं. मी मोबाईल काढला, नंबर म्हणत म्हणत तिच्यादेखत एकेक आकडा दाबला आणि फोन तिच्या कानाला लावला. केतकी ऑफिसात होती. तिने उचलला. "हॅलो? बाळा? हो, मीच आहे." रेवाने ऐकलं, फोन मला परत दिला आणि जागेवर जाऊन बसली. गायली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ती पुन्हा माझ्यापुढे उभी. "कॉल." मी संध्याकाळी केतकीला सांगितलं की हे काही दिवस चालेल. तुला रोज नऊ वाजता फोन उचलावा लागेल, जमेल का? नवी नोकरी, नवा साहेब. ती म्हणाली, "टीचर, मी उचलीन. तुम्ही लावत राहा." एवढंच बोलली, पण त्या शुक्रवारनंतर ती माझ्याशी पहिल्यांदा धड बोलली. मग रोज नऊला मी म्हणायचे, दाबायचे, केतकी "हो, मीच" म्हणायची, आणि रेवा मुकाट्याने जाऊन बसायची. तिसऱ्या दिवसापासून आकडे ती स्वतः दाबायला लागली. आठव्या दिवसापासून ओठ हलायला लागले, आवाज नाही. मी ते पाहिलंच नाही असं केलं. या धंद्यात एकोणीस वर्षांत शिकले ते हेच, की मूल उंबऱ्यावर असताना त्याला 'ये' म्हणू नये.

बाराव्या दिवशी फोन वाजत राहिला. कुणी उचलेना. रेवा मोबाईल कानाला लावून उभी होती आणि मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. अकरा दिवसांचं सगळं आता पाण्यात जाणार, तेही माझ्याच फोनवर. मी काय सांगायचं ते जुळवायला लागले. तोवर रिंग थांबली. रेवाने मोबाईल खाली घेतला, स्क्रीनकडे पाहिलं आणि मला परत दिला.

"शी इज इन अ मीटिंग," ती म्हणाली. "शी विल सी इट."

आणि ती रांगेत जाऊन उभी राहिली. हात धुण्याची वेळ झाली होती. मुलांनी माझी वाट पाहिली नाही. त्यांनी आपसूक गाणं सुरू केलं आणि त्यांत एक आवाज होता जो मी जवळजवळ महिनाभर ऐकला नव्हता, आणि तो इतरांपेक्षा जोरात होता. मला रडू आलं. वर्गातल्या कीबोर्डवर हात ठेवायचं राहून गेलं.

मोबाईल वाजला. केतकी दबक्या आवाजात बोलत होती, बहुधा मीटिंगच्या खोलीबाहेरून. "टीचर, सॉरी, सॉरी, उचलता आला नाही. रेवा रडतेय का?"

"नाही," मी म्हटलं, "हात धुतेय." आणि फोन बेसिनकडे धरला.